लिओनार्डने सेवा सोडली

उपासाच्या दिवसांत काय सोडायचं, हा प्रश्न लिओनार्डपुढे यंदा पहिल्यांदाच आला, कारण सोडण्यासारखं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. उत्तनच्या कोळीवाड्यात राखेच्या बुधवारी लोक चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतात आणि तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस आपल्या आवडीची एखादी गोष्ट देवासाठी सोडतात. लिओनार्डच्या बाबतीत देवाच्या आधी डॉक्टरांनी हात मारला होता. दारू एका डॉक्टरनं सोडवली होती, सिगरेट दुसऱ्यानं, आणि गेल्या वर्षी तिसऱ्यानं साखर आणि खारं एकाच दमात बंद करून टाकलं होतं. राहता राहिल्या टीव्हीवरच्या बातम्या. पण त्या सोडल्या असत्या तर तो त्याग झाला नसता, चैन झाली असती.

बुधवारच्या आदल्या संध्याकाळी त्यानं ओट्यावर बसल्या बसल्या बायकोलाच विचारलं, "नोरा, मी यंदा काय सोडू?"

"मला सोड."

लिओनार्डनं चष्मा काढला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. हा विषय निघायला जरा उशीरच झाला, असं त्याला वाटलं.

"तसं न्हाय रे," नोरा म्हणाली. "माझी कामं करायचं सोड. पाणी आणून देतोस, हाताला धरून उठवतोस, नारळ खवून देतोस, ते सगळं बंद. त्या व्यायामवाल्या हिनानं सांगितलंय तेच. फक्त आता देवासमोर कबूल कर, म्हणजे मोडणार न्हायस. माझ्यासमोर कबूल केलेलं तू संध्याकाळच्या चहापर्यंत टिकवतोस."

हे खरं होतं. हिनाचं ऐकून आल्या दिवशी लिओनार्डनं मदत बंद केली होती आणि साडेचारला नोरानं चहासाठी आधण ठेवायला कुबडी हातात घेतली, तेव्हा पुन्हा चालू केली होती.

नोराचा डावा पाय ती तीन वर्षांची असताना पोलिओनं गेला. लस गावात पोचली तेव्हा नोरा कुबडी घेऊन शाळेत जात होती. लोकांनी जन्मभर तिच्या पायाकडे पाहिलं, तिनं मात्र सगळा संसार हातांवर तोलला. कुबडीवर शरीर पेलून पेलून तिचे दंड असे झाले होते, की तरुणपणी लिओनार्ड बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, असताना खलाशी त्याला म्हणायचे, "तांडेल, जाळं ओढायला उद्या वहिनींना पाठवा, तुम्ही घरी ऱ्हावा." हे चेष्टेत म्हणायचे, पण अगदीच चेष्टेत नाही.

त्या हातांचं गावात मुख्य काम होतं फुग्यांचं. उत्तनला फुग्यांशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे चर्चमध्ये लागतं, पण गाव ते धरत नाही. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि थोडी ताडी घालून पीठ रात्रभर फुगवायचं. मग मुठीत घेऊन असं आवळायचं, की अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून गोल गोळा वर यावा आणि एका झटक्यात तेलात सुटावा. मुठीत जोर असला तर गोळा तेलात फिरून चेंडूसारखा टम्म होतो. जोर कमी पडला तर त्याला शेपटी राहते, तो चपटा पडतो आणि भज्यासारखा दिसू लागतो. लग्नात भजी वाढणारं घर म्हणून मग त्या घराची पुढची दोन पिढ्या आठवण निघते. पस्तीस-चाळीस वर्षं गावातल्या लग्नांचे फुगे नोराच्या मुठीतून निघत होते. आधी लग्नाची तारीख नोराला विचारायची, मग हॉलला.

गेल्या पावसाळ्यात नोरा मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, मुका मार लागला. पण लिओनार्ड हादरला. तो तेव्हा नुकताच समुद्रावरून कायमचा घरी आला होता. बोट विकली होती. निवृत्त तांडेलाला घरात हुकूम द्यायला कुणी तरी खलाशी लागतो. तो नव्हता, म्हणून लिओनार्ड स्वतःच खलाशी झाला आणि नोराला त्यानं बोटीचा दर्जा दिला. सकाळी तो तिला पलंगावरून उठवायचा, खुर्चीत बसवायचा, तोंड धुवायला तांब्या हातात द्यायचा, केसांना तेल लावायचा, मासळी साफ करायचा, वाटण मिक्सरला लावायचा. नोरानं कुबडीकडे नुसतं पाहिलं, तरी तो विचारायचा, "काय होवा? बोल ना, मी देतो." गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या. नवऱ्यांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं.

नोराच्या बांगड्या मात्र हळूहळू कोपराकडे सरकू लागल्या. चांगला पायही थरथरायला लागला. हे वय आहे असं सगळ्यांनी ठरवलं. वय ही अशी गोष्ट आहे, की तिच्यावर काहीही ढकललं तरी ती तक्रार करत नाही.

जानेवारीत पुतण्याच्या, स्टीवनच्या, लग्नात नोरा कढईशी बसली. पहिला गोळा चपटा पडला, दुसऱ्याला शेपटी आली, तिसरा मुठीतून निघालाच नाही. मागे कुणी तरी हळू आवाजात म्हणालं, "वय झालं बायचं." नोरानं पिठाचा हात फडक्याला पुसला आणि तो हात फडक्यातच गुंडाळून ठेवला, घरी येईपर्यंत. लिओनार्डनं तो गुंडाळलेला हात पाहिला होता. त्या रात्री त्यानं तिला आणखी एक उशी दिली, एवढंच त्याला सुचलं.

आणि आता ईस्टरनंतरच्या शनिवारी टिनाचं लग्न होतं. टिना म्हणजे एकुलती एक नात, त्यांच्या मुलाची, मॅक्सवेलची मुलगी. तिच्या लग्नाचे फुगे कोण टाकणार, हे घरात कुणी विचारत नव्हतं. नोरानं मात्र एकदा जेवता जेवता सांगून टाकलं, "मी टाकणार." त्यावर सगळ्यांनी एकदम आमटीची चौकशी केली.

हिनाची गाठ पडली ती फेब्रुवारीत. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये साईराज मित्रमंडळानं दिव्यांग ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत तपासणी शिबिर भरवलं होतं. शिबिर पहिल्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण तिच्यात सत्काराच्या शाली, नारळ आणि हारांच्या टोपल्या रचून ठेवल्या होत्या. जे वर पोचू शकले ते तपासणीला पात्र ठरले आणि जिना चढून आल्याबद्दल त्यांना प्रत्येकी एक काठी भेट मिळाली. नोराला मॅक्सवेल आणि लिओनार्डनं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. तिलाही काठी मिळाली. कुबडी असलेल्या बाईला काठी कशाला, हे विचारायला वेळ नव्हता, फोटो चालू होते.

कोपऱ्यात मीरा रोडची एक फिजिओथेरपिस्ट बसली होती, हिना शाह. तिशीतली, बोलायला फटकळ. तिनं नोराच्या हातात मूठ आवळायचं एक यंत्र दिलं. नोरानं दात-ओठ खाऊन आवळलं. काटा झोपेत कूस बदलल्यासारखा जरासा हलला आणि परत आडवा झाला.

"आंटी, मसल्स झिजलेत," हिना म्हणाली. "सार्कोपेनिया म्हणतात याला."

नोराला ते वांद्र्याकडच्या कुणा लांबच्या मावशीचं नाव वाटलं. "मग आता?"

"वयानं सगळ्यांचेच थोडे झिजतात. पण एक पाय आधीच काम करत नाही, तेव्हा बाकीचं शरीर तुम्हाला दुप्पट जपायला पाहिजे. जपायचं म्हणजे वापरायचं. बरं, घरात पाणी कोण भरतं?"

"मी," लिओनार्ड पुढे सरकून म्हणाला.

"कपडे कोण पिळतं?"

"मीच."

"नारळ, मसाला, मासळी?"

"सगळा मीच करतो," लिओनार्ड म्हणाला. आवाजात ओसंडणारी नम्रता होती. इथे शाल मिळायला हरकत नाही, असं त्याला वाटू लागलं होतं. "हिला मी खुर्चीतून उठूच देत न्हाय."

हिनानं पेन खाली ठेवलं. "अंकल, मग बीमारी तुम्हीच आहात."

जानेवारीनंतर नोरा पहिल्यांदा हसली. अगदी पदर तोंडाला लावून हसली.

हिनानं मग नीट समजावलं. पोलिओच्या पायावर जबरदस्ती करायची नाही. बाकी हात, पाठ, चांगला पाय, यांना रोज काम द्यायचं, आणि मुख्य म्हणजे दमायच्या आधी थांबायचं. दमून पडेपर्यंत केलं तर या शरीराला नफा नाही, तोटाच आहे. खुर्चीतून कुणाचा हात न धरता उठायचं, बसायचं. ओला टॉवेल पिळायचा. आणि प्रोटीन.

"म्हणजे काय खायचं?" नोरानं विचारलं.

"डाळ, दही, अंडी..." हिना जरा थांबली. घरची पक्की जैन होती. "आणि ते... तुमच्याकडे समुद्रातून जे येतं ते."

"बोंबील?"

"नाव सांगू नका. रोज खा."

आणि आता राखेच्या बुधवारी लिओनार्ड कपाळाला राख लावून फादरांसमोर उभा होता. फादर तरुण होते, वसईहून नुकतेच बदलून आलेले.

"फादर, मी यंदा बायकोला मदत करायचं सोडतोय."

फादरांनी त्याच्याकडे पाहिलं. गावात हा त्याग बऱ्याच पुरुषांनी फार पूर्वीच केलेला होता, पण तो कुणी देवाला सांगायला आलं नव्हतं. "बायकोला विचारलंत?"

"तिनंच सांगितलं."

"मग मला कशाला विचारता?" फादर म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पहिले दिवस लिओनार्डनं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. दारू सोडताना हात थरथरले होते, तसेच आताही थरथरत होते, फक्त आता ते ग्लासकडे न जाता नोराच्या कोपराकडे जात होते. ती खुर्चीतून उठायला लागली की त्याला पाहवत नसे. पाहिलं की हात पुढे जाई. म्हणून तो तोंड फिरवून भिंतीकडे बघायचा आणि मनात 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायचा. पाठीमागे खुर्ची करकरायची, कुबडी टेकल्याचा आवाज व्हायचा, नोरा "आई गं" म्हणायची, पुन्हा धपकन बसायची, पुन्हा खुर्ची करकरायची. एकदा ती मासळी साफ करायला बुटक्या स्टुलावर बसली आणि उठेच ना. लिओनार्डची अख्खी जपमाळ म्हणून झाली. दुसरी सुरू करणार तेवढ्यात मागून आवाज आला, "आता भिंतीचा पापा घेणार हायस काय? बाजूला हो, मला जाऊ दे." ती उठून त्याच्या मागे उभी होती.

शेजारी कृष्णाबाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सुकी मासळी विकणारी, ताठ कण्याची कोळीण. तिनं कुंपणावरून हा प्रकार आठवडाभर पाहिला आणि मग तिला राहवलं नाही.

"लिओभाऊ, ती बाय एका पायावर उभी राहून चादरी पिळते नि तू पेपर वाचतंस? लाज न्हाय वाटत?"

"माझा उपास हाय, कृष्णाबाय."

"कसला? पेपर वाचायचा?"

"मदत न करायचा."

कृष्णाबाईनं थोडा विचार केला. "असला उपास आमच्याकडं पन आसता तं माझा म्हातारा संत झाला आसता," ती म्हणाली आणि बोंबील उलटे करायला निघून गेली.

नोरानं स्वतःचाही एक व्यायाम काढला. रोज सकाळी ती मैद्याचं घट्ट पीठ मळायची आणि मुठीतून आवळून त्याचे गोळे थंड पाण्याच्या टोपात सोडायची, उजव्या हातानं, मग डाव्या. तेलाचा खर्च नाही आणि भाजायची भीती नाही. पण पीठ फेकायचं कसं? त्याच्या चपात्या व्हायच्या. इतक्यांदा पिळून निघालेल्या पिठाच्या चपात्या चामड्यासारख्या लागत आणि त्या खाणं ही मदत आहे की नाही, यावर लिओनार्डनं बराच विचार केला. शेवटी तो उपासातला उपास समजून गिळू लागला.

हिना दर सोमवारी स्कूटीवरून यायची, यंत्र नोराच्या हातात द्यायची. काटा हलायला लागला होता, पण नवलच होतं. नोरा म्हणायची, शुक्रवार-शनिवारी हात छान वाटतो. सोमवारी मात्र अंग आंबल्यासारखं, उठताना दोनदा प्रयत्न. तीन सोमवार असंच झालं.

"आंटी, रविवारी काय होतं?" हिनानं विचारलं.

नोरानं यंत्र हिनाला परत दिलं. लिओनार्ड भिंतीकडे बघू लागला.

"अंकल?"

"रविवार उपासात मोजत न्हाय," लिओनार्ड म्हणाला. "प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार. चाळीस दिवसांत धरत न्हाय. कुणालाही विचारा."

तर असं होतं. सहा दिवस दाबून ठेवलेली सेवा लिओनार्ड रविवारी एकदम बाहेर काढत होता. पहाटेपासून तो तिला जमिनीवर पाय ठेवू देत नव्हता. चर्चलासुद्धा तिला खुर्चीत घालून न्यायचा, दुपारी घास तेवढा भरवायचा बाकी ठेवायचा. आणि नोरा? नोरानं खाली बघून कबूल केलं, की सहा दिवसांनंतर एक दिवस बरं वाटतं.

"धर्माच्या गोष्टीत मी बोलत नाही," हिना म्हणाली. "पण रविवारी यांना घराबाहेर काढा."

म्हणून लिओनार्डचे रविवार कृष्णाबाईच्या अंगणात जाऊ लागले. निदान एक दिवस तरी हात रिकामे राहायला नकोत. तो तिचं पाणी भरू लागला, बोंबील वाळत घालू लागला, टोपली उचलून देऊ लागला. कृष्णाबाई आधी ओरडली, मग गप्प बसली, मग नुसतीच बसली. दुसऱ्या रविवारी तिनं बसल्या जागेवरून पाणी मागितलं. तिसऱ्या रविवारी तिचा गुडघा दुखायला लागला, जो सत्तर वर्षांत कधी दुखला नव्हता. सोमवारी ती कुंपणाशी येऊन नोराला म्हणाली, "बाय, तुझा नवरा घेऊन जा. मला आजून धंदा करायचाय."

इकडे मॅक्सवेलनं वेगळीच तयारी केली होती. भाईंदर स्टेशनजवळ त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि माणूस हिशेबी. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या आवारात त्यानं बापाला बाजूला घेतलं.

"पप्पा, मम्मीला बोलू नका. मी जयकुमारला ऑर्डर देऊन ठेवलीय."

"कोण जयकुमार?"

"इंद्रलोकचा केटरर. ढोकळ्यापासून फुग्यापर्यंत सगळं बनवतो. मशीन आहे त्याच्याकडे. एकसारखे गोल येतात."

"अंडं घालतो?"

"एगलेस आहेत," मॅक्सवेल हळूच म्हणाला. "ताडीपण नाही. कांदा-लसूण पण नाही."

"फुग्यात कांदा-लसूण कवा होता?"

"पप्पा, तो सगळ्यावरच तसं लिहितो. मुद्दा तो नाही. जानेवारीसारखं झालं तर? टिनाच्या सासरची माणसं असतील. मम्मीलाच त्रास होईल. बॅकअप म्हणून ठेवलंय फक्त."

लिओनार्ड घरी आला तो डोक्यात मशीनचे गोल फुगे घेऊनच. नोराला सांगावं? सांगणं ही मदत झाली असती आणि मदत तर सोडलेली. न सांगणं ही मॅक्सवेलला मदत. तीही एका अर्थानं मदतच. देवानं या बाबतीत काही नियम करून ठेवलेला नव्हता. शेवटी त्यानं तोंड बंद ठेवलं, कारण उपासात तेच सगळ्यात सोपं पडतं. पण त्या दिवसापासून नोरा पाण्याच्या टोपात गोळे सोडायला बसली की तो भिंतीकडे तोंड करून ऐकत राही. टप्प आवाज आला की गोल. पचक आवाज आला की शेपटी. टप्प वाढत चालले होते. पण पचक संपले नव्हते.

ईस्टर आला. चर्चमध्ये पहाटेची मिस्सा झाली, घंटा वाजल्या, आणि लिओनार्ड तिथूनच धावत निघाल्यासारखा घरी आला. नोरा यायच्या आधी चहा करून, कप घेऊन दारात उभा राहिला. उपास सुटला होता.

नोरा कुबडी टेकत ओट्यावर आली. तिनं कपाकडे पाहिलं. "साखर घातलीस?"

"घातली."

"मग तूच पी. मी माझा करते."

त्या क्षणी लिओनार्डला बोट विकल्याच्या दिवशी वाटलं होतं तसं वाटलं. त्यानं तो साखरेचा चहा डॉक्टरच्या नावानं पिऊन टाकला.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारनंतर, मांडवात चुली पेटल्या. पीठ आदल्या रात्रीच बायकांनी मोठ्या टोपात फेटून ताडी घालून ठेवलं होतं. नोरानं ते स्वतः फेटलं नव्हतं, तिथं ती नुसती बसून शिव्या देत होती. हिनानं तेवढं बजावलं होतं. हात कढईसाठी राखून ठेवायचा. हिनाही आली होती, साडी नेसून, फुग्यात अंडं असतं हे कळल्यामुळे फक्त बघायला.

नोरा कढईशी स्टुलावर बसली, कुबडी बाजूला ठेवली, पाण्यात बोटं बुडवली. लिओनार्ड चुलीत लाकडं सारायला बसला होता. हे काम त्यानं मागून घेतलं होतं, कारण ते नोराचं काम नव्हतं. शेजारी नादिया, मॅक्सवेलची बायको, झारा घेऊन उभी. बँडवाले येऊन बसले होते, पण अजून वाजवत नव्हते. मागे जानेवारीतल्याच बायका होत्या. आणि मांडवाच्या टोकाला, मोठ्या ड्रमांमागे, चादर टाकलेल्या काही पेट्या होत्या. लिओनार्डनं त्या पाहिल्या. त्यानं चुलीत इतकं लाकूड सारलं, की नादिया म्हणाली, "पप्पा, मांडव जाळताय की काय!"

पहिला गोळा नोरानं सोडला. शेपटी.

मागे कुणी तरी घसा खाकरला. लिओनार्ड चुलीकडे तोंड घालून बसला.

दुसरा. तेलात पडला, एक क्षण नुसताच पडून राहिला, आणि मग फिरला. फुगला. टम्म. तिसरा. चौथा. नोराचा हात टोपाकडून कढईकडे जात राहिला, मूठ आवळली, सुटली, आवळली, सुटली. कढई सोनेरी चेंडूंनी भरली आणि नादियाचा झारा त्यांच्या मागे धावू लागला. कुणी न सांगताच बँडवाल्यानं घुमटावर, मातीच्या त्या ढोलावर, थाप दिली.

"बाय गं," मागची बाई म्हणाली, "हिचा हात तं परत आला."

"गेला कुठं होता?" नोरा मागे न बघता, चुलीपुढच्या लिओनार्डकडे हनुवटी करत म्हणाली. "याच्या हातात होता."

दोन घाणे निघाले, तिसरा निघाला. चौथ्याला लिओनार्डच्या लक्षात आलं की गोळा सुटताना नोराचा अंगठा किंचित कापतोय. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. आता ही थांबणार नाही. जन्मात कधी थांबली नाही. टोप रिकामा होईपर्यंत बसणार, आणि उरलेले सगळे चपटे, मग ते फडकं, मग ती गुंडाळलेली मूठ. त्यानं लाकूड हातात घट्ट धरलं.

नोरानं हात पाण्यात बुडवला, पुसला आणि म्हणाली, "नादिया, बस इकडं."

"मी? मम्मी, मला नाही जमत!"

"मला तरी कुठं जमत होतं? बस. मी अजून दमलेली न्हाय, म्हणून थांबतेय. दमल्यावर मग उठता येत न्हाय." तिनं हिनाकडे एकदा पाहिलं. हिनानं दोन्ही अंगठे वर केले.

नादिया बसली. तिच्या पहिल्या गोळ्याला एवढी शेपटी आली, की त्याला जत्रेतला फुगा म्हणावं. नोरा ओरडली, "मूठ आवळ, गळा न्हाय धरायचा! परत!" बायका हसू लागल्या. टिनानं कुणाची परवानगी न घेता तो शेपटीवाला उचलून खाल्ला.

एवढ्यात नोराचं लक्ष ड्रमांमागे गेलं. "मॅक्सवेल, ती चादर कशावर टाकलीय?"

मॅक्सवेलनं बापाकडे पाहिलं. बापानं चुलीत पाहिलं.

"मम्मी, ते... जयकुमारकडून थोडे... एक्स्ट्रा..."

नोरानं एक मागवून हातात घेतला. फिरवून पाहिला. अगदी गोल होता, फूटपट्टी लावून केल्यासारखा. तिनं चावा घेतला, थोडा वेळ चावत राहिली. सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघत होता.

"असू दे," ती शेवटी म्हणाली. "वऱ्हाड मोठं हाय. माझे पहिल्या पंगतीला वाढ. हे भूक लागलेल्यांना."

दुसऱ्या दिवशी दोन्ही संपले. लग्नघरात फुगे उरल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

त्या संध्याकाळी मात्र नोरा अजून बुटक्या स्टुलावरच होती, नादियाला जागा देऊन नुसती बाजूला सरकलेली. आता तिला उठायचं होतं. मांडवातली चार माणसं एकदम पुढे झाली. हिनानं त्यांना हातानं थांबवलं. नोरानं कुबडी काखेत घेतली, दुसरा तळवा गुडघ्यावर रोवला, दम घेतला, पुढे झुकली आणि एका दमात उठून उभी राहिली. घुमटवाल्यानं त्यावरही एक थाप दिली.

"लिओनार्ड," ती म्हणाली, "बघितलंस?"

लिओनार्ड मांडवाच्या कनातीकडे तोंड करून उभा होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. उपास सुटला होता, पण मान अजून आपोआप फिरत होती.

"न्हाय," तो ओशाळून म्हणाला. "उठलीस काय?"

"उठली! सगळ्या गावानं बघितलं!"

"मला बघवत न्हाय गं. बघितलं की हात पुढं जातो."

"हात मागं बांध," नोरा म्हणाली. "आणि इकडं तोंड कर. मी परत बसते. एकदाच हां, हिना ओरडेल."

आणि ती परत बसली. लिओनार्डनं हात पाठीमागे धरले, दोन्ही मुठी आवळून, आणि डोळे उघडे ठेवून समोर पाहिलं.

"बघतंयस ना?"

"बघतोय," लिओनार्ड म्हणाला. "ऊठ आता."

नोरा उठली.